‘ऑन ट्रायल’ लग्न: चाचणी, जांगड की खटला?

अमेरिकी लेखिका युडोरा वेल्टी यांची ‘द पाँडर हार्ट’ ही 1954 सालची छोटी कादंबरी एक वाचक मराठीत आणू पाहत आहेत. त्यांचं घोडं दोन शब्दांवर अडलं आहे. गोष्टीतली बॉनी डी लग्नाला होकार देते तो ‘ऑन ट्रायल’, म्हणजे आधी पाहू, मग ठरवू, या अटीवर. त्या विचारतात, ‘चाचणी विवाह’ लिहिलं की सरकारी परिपत्रक वाटतं आणि ‘प्रायोगिक विवाह’ लिहिलं की नाट्यस्पर्धा आठवते. मग लिहायचं काय?

मला वाटतं, तिथे ‘जांगड’ लिहावं.

हा शब्द आता कमी कानावर पडतो, पण कापडवाले आणि सराफ यांच्यात तो अजून आहे. दुकानातून चार साड्या जांगड आणायच्या, घरी सगळ्यांना दाखवायच्या, मनात भरेल ती ठेवायची, उरलेल्या परत. पसंती कळवेपर्यंत माल दुकानदाराचाच. आमच्याकडे लग्नकार्य निघालं की आई असा गठ्ठा घरी आणायची आणि दोन दिवस त्या घड्यांना हात लावायची आम्हांला बंदी असायची. विकतही घेतलेलं नाही आणि उसनंही आणलेलं नाही, अशी ही मधली अवस्था ‘चाचणी’ या शब्दात येत नाही.

शिवाय बॉनी डी पीकॉक ही दहा सेंटच्या वस्तूंच्या दुकानात काम करणारी गरीब घरची पोर. घेणंदेणं, ठेवणं-परतवणं हीच तिची रोजची भाषा. नवरा मुलगा म्हणजे डॅनियलमामा: वयाने कितीतरी मोठा, पैसेवाला, आणि समोर दिसेल त्याला हातातलं देऊन टाकणारा. इथे नवराच जांगड नेला जातो. ‘जांगड’ म्हटल्याबरोबर हे मराठी वाचकाला आपोआप दिसतं, वेगळं सांगावं लागत नाही. (मूळ ‘अंकल’ला मी ‘मामा’ म्हणतो आहे, पण तो गोष्ट सांगणाऱ्या एडना अर्लच्या आईचा भाऊ की वडिलांचा, हे वंशवेल लावून पक्कं करून घ्या. मराठीत ते नातं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.)

पण तुमचा प्रश्न इथे संपत नाही, कारण तो शब्द पुढे परत येतो. काही वर्षांनी बॉनी डी नवऱ्याला सोडून जाते, मग परत येते, आणि एका वादळी दुपारी विजांना घाबरलेली असताना मरते. डॅनियलमामावर तिच्या खुनाचा आरोप येतो. कोर्टात उभी राहते तीही ‘ट्रायल’च. लग्न ट्रायलवर झालं आणि संपलंही ट्रायलमध्ये. हा योगायोग वेल्टींनी कुठेही बोट ठेवून दाखवलेला नाही. त्यांनी तो एडना अर्लच्या तोंडी घातला आणि तिला बोलू दिलं.

एडना अर्ल पाँडर ही निवेदिका मिसिसिपीमधल्या क्ले नावाच्या काल्पनिक गावात ब्यूला हॉटेल चालवते. हॉटेलात येऊन बसलेल्या एका पाहुण्याला ती हे सगळं एका दमात सांगते. ती विनोद करत नाही. घराण्याची अब्रू राखायची म्हणून ती पोटतिडकीने बोलते आणि हसू येतं ते आपल्याला. जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी या अमेरिकी दक्षिणेकडच्या गोष्टींत संसाराची रड बहुतेक अशीच येते: ओसरीवर बसून, तिसऱ्या माणसाच्या तोंडून, नात्यागोत्यासकट. वेल्टी मिसिसिपीच्याच, जॅक्सन गावच्या. आपल्या लहानपणाबद्दल त्यांनी लिहिलं आहे की रविवारी मोटारीने फिरायला जाताना शेजारची बाई सोबत असली, की छोट्या वेल्टी आईच्या आणि तिच्या मध्ये बसून म्हणायच्या, आता बोला. हे बोलणं ऐकण्याची भूक त्यांच्या वाक्यावाक्यात आहे. म्हणून अनुवादकाने पहिल्यांदा पाहायचं ते एडना अर्लसारखी बाई हा शब्द तोंडातून काढेल का, हे. कोश मागाहून.

आता कोर्टातल्या ‘ट्रायल’ला मराठीत ‘खटला’ हा शब्द आहे. आणि ‘खटला’ला ‘खटलं’ हे भावंड आहे! खटलं म्हणजे कुटुंबाचा पसारा. ‘खटल्याचं घर’ म्हटलं की डोळ्यांपुढे पंचवीस पानांची पंगत येते. ‘एवढं खटलं सांभाळायचं म्हणजे सोपं नाही’ असं जुन्या बायका अजून म्हणतात. त्याच शब्दाला झेंगट, लचांड अशी छटाही आहे. इंग्रजी ‘ट्रायल’मध्ये कसोटी, कोर्टातलं प्रकरण आणि जिवाला ताप हे तीन अर्थ एकत्र नांदतात. आपल्या शब्दात कोर्ट आहे, ताप आहे, कसोटी नाही. तिच्या जागी घर आहे. संसाराच्या कुरबुरींवरच्या विनोदी गोष्टीला याहून चांगला शब्द मला तरी सुचत नाही.

म्हणून माझी सूचना अशी: लग्नाच्या अटीला ‘जांगड’ ठेवा, पण एडना अर्लच्या बोलण्यात पहिल्या काही पानांतच ‘पाँडरांचं खटलं’ येऊ द्या. मूळ इंग्रजीत त्या जागी असा शब्द नसेल, चालेल. तिथे घराण्याचा उल्लेख आहेच, त्यालाच हा शब्द द्यायचा. मग शंभर पानांनी ‘खटला’ कोर्टात उभा राहील तेव्हा कान तयार असतील. श्लेष जिथल्या तिथे मिळणार नाही, पण एक शब्द घरातून निघून कोर्टात पोचल्याचा आनंद मिळेल. ‘ट्रायल’ तसाच ठेवण्याचा मोह टाळा. आपल्याकडे ट्रायल शिंप्याकडे ब्लाउजची घेतात, त्यामुळे शब्द परका नाही, पण कोर्टात पोचल्यावर तो वर्तमानपत्री होतो.

कादंबरीच्या नावातल्या ‘हार्ट’बद्दलही तुम्ही विचारलं आहे. तिथे एकच शब्द पुरणार नाही. डॅनियलमामाचा उदारपणा म्हणजे ‘मोठं मन’, कारण मोठं काळीज म्हटलं की मराठीत तो धाडसी होतो. पण विजेला घाबरणाऱ्या बॉनी डीला ‘काळीज’च हवं. तिची भीती घालवायला मामा तिला गुदगुल्या करतो आणि हसता हसता तिचं काळीज थांबतं. ‘हृदयक्रिया बंद पडली’ हे डॉक्टरच्या साक्षीत येऊ द्या, एडना अर्लच्या तोंडी नको.

आणि बोली? कुणीतरी तुम्हांला एडना अर्लला वऱ्हाडी बोलायला लावा असं सुचवलंय. तसं करू नका. ती वऱ्हाडी बोलायला लागली की ब्यूला हॉटेल अमरावतीला येईल, आणि मग बाप्टिस्ट चर्च नि कोर्टातली ज्युरी कुठे ठेवणार? तिला साधी घरगुती मराठी द्या: लांब वाक्यं, मध्येच ‘बरं का’, मध्येच दुसऱ्याच कुणाच्या मावशीची हकिगत, आणि मग सोडलेला धागा बरोबर तिथूनच उचलणं. कोर्टात मामा जमलेल्या लोकांना नोटा वाटत सुटतो, ते प्रकरण आधी करून बघा. तिथे तिचा जीव टांगणीला लागलेला असतो आणि बोलणं मात्र थांबत नाही. तो सूर मराठीत लागला की ‘जांगड’ आणि ‘खटलं’ कुठे बसतात ते तुम्हांलाच ऐकू येईल.