झाडं तेवढीच आहेत, मग जंगल आजारी कसं?

शहर जंगलाला येऊन भिडलं तरी उपग्रहाच्या चित्रात हिरवा रंग पूर्वीइतकाच दिसतो, मग जंगलाची तब्येत बिघडली असं का म्हणायचं, असं तुम्ही विचारलंय. प्रश्न रास्त आहे. पण वरून दिसतो तो फक्त मोठ्या झाडांचा माथा, आणि ती झाडं शहर दूर होतं तेव्हा रुजलेली आहेत. दुखणं सुरू होतं कडेला आणि मातीत.

आधी कडेचं बघा. दाट जंगलात आत सावली आणि ओल टिकून असते. बाजूची झाडं तुटली की तिथून ऊन आणि कोरडा वारा आत शिरतो. ब्राझीलमध्ये मनौसजवळ १९७९ साली जीवशास्त्रज्ञ थॉमस लव्हजॉय यांनी १, १० आणि १०० हेक्टरचे जंगलाचे तुकडे वेगळे राखून त्यांचा अभ्यास सुरू केला. तिथे कडेपासून ३०० मीटरच्या पट्ट्यात मोठी झाडं आतल्या भागापेक्षा कितीतरी वेगानं मरताना आढळली. त्यांच्या जागी वेली आणि झटपट वाढणारी, उन्हाला सोकावलेली झाडं आली. लांबून तेही हिरवंच दिसतं!

हिशेब करून पाहा. एक चौरस किलोमीटरचं, म्हणजे १०० हेक्टरचं चौकोनी जंगल घ्या आणि कडेचा परिणाम आत १०० मीटरपर्यंतच पोचतो असं धरा. खरा गाभा, म्हणजे कडेची झळ न पोचलेला आतला भाग, उरतो ६४ हेक्टर. आता मधोमध १० मीटर रुंद रस्ता काढा. झाडं जातील १ हेक्टरवरची, पण गाभा येईल सुमारे ४७ हेक्टरवर. रस्त्याच्या अहवालात मात्र तो एकच हेक्टर लिहिलेला असतो, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. जगात आज उरलेल्या जंगलापैकी सुमारे ७० टक्के जंगल कुठल्या ना कुठल्या कडेपासून एक किलोमीटरच्या आत आहे, असं २०१५ सालच्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं.

मातीचं नुकसान अधिक चिवट. पायवाटा वाढल्या की माती दबते, पाणी मुरत नाही, कोवळी मुळं आत घुसू शकत नाहीत. वाहनांच्या धुरातला नायट्रोजन पावसाबरोबर जमिनीत उतरतो आणि मुळांना अन्नपाणी पुरवणाऱ्या बुरशा कमी होतात. ईशान्य फ्रान्समधल्या एका जंगलात रोमन काळातल्या शेतीच्या खुणा जवळजवळ दोन हजार वर्षांनंतरही माती आणि वनस्पतींमध्ये सापडल्या. म्हणून ‘इथलं तोडू, तिकडे लावू’ हा युक्तिवाद मला मान्य नाही.

पाण्याचं गणितही उलटतं. काँक्रीटवरून पाऊस धावत ओढ्यात जातो, ओढा आपलं पात्र खोल खोदतो आणि काठाच्या झाडांखालचं पाणी आणखी खाली जातं. पूर येतात, तरी मुळं कोरडी राहतात. त्यात शहराची उष्णता. अमेरिकेत रॅले शहरातल्या उष्ण भागांमधल्या ओक झाडांवर खवले कीड थंड भागांपेक्षा कितीतरी जास्त आढळली. परक्या किडी तर बहुतेकदा मालाबरोबरच येतात. ॲश झाडांचा फडशा पाडणारा हिरवा भुंगेरा २००२ साली डेट्रॉइटजवळ पहिल्यांदा ओळखला गेला, आणि तो पॅकिंगच्या लाकडातून आला असावा असं मानतात.

तुमच्या जंगलाची तब्येत पाहायची असेल तर मान वर न करता खाली वाका. मोठ्या झाडांची पिल्लं आहेत का? गुडघ्याएवढी, कमरेएवढी, डोक्याएवढी, सगळ्या उंचीची? नुसती म्हातारी झाडं आणि खाली घाणेरीचं रान असेल, तर त्या जंगलाची पुढची पिढी तयार होत नाहीये. शेंडे वाळलेत का, पालापाचोळा टिकतो की कोणी झाडून नेतं, फळं खाऊन बिया पसरवणारे पक्षी येतात का, हेही टिपून ठेवा.

आणि काही करायचंच असेल, तर आत खड्डे खणून रोपं लावण्याआधी कड सांभाळा. कडेला स्थानिक झुडपांचा दाट पट्टा वाढू द्या, बागेतला कचरा आणि शोभेच्या वेली जंगलात टाकू देऊ नका. रस्त्याचा प्रस्ताव आला तर किती झाडं तुटणार एवढंच विचारू नका. गाभा किती उरणार हे नकाशावर काढून मागा, आणि रस्ता जंगलाला वळसा घालून नेता येईल का, हे आखणी पक्की होण्याआधीच विचारा.