बॉस तोंडी कामं सांगतात, मुदत बदलतात आणि नंतर खापर माझ्यावर फोडतात. काय करू?

तोंडी सांगितलेलं प्रत्येक काम त्याच दिवशी दोन ओळींच्या मेलने त्यांना परत लिहून पाठवा. ‘सर, ठरल्याप्रमाणे विक्रीचा अहवाल गुरुवारी ४ पर्यंत देतो, त्यामुळे कोटेशन शुक्रवारी होईल. चालेल ना?’ एवढंच. तक्रारीचा सूर नको, आणि सीसीमध्ये त्यांच्या वरिष्ठांना मुळीच घेऊ नका; त्याने माणूस चवताळतो. मी बरीच वर्षं एचआरमध्ये आहे. अशी प्रकरणं आमच्याकडे येतात तेव्हा ‘ते असं म्हणाले होते’ याला काहीच आधार नसतो; तारखेनिशी मेल असला तर आम्हाला काही करता येतं. नवं काम अंगावर आलं की ‘जमणार नाही’ म्हणण्याऐवजी ‘हातातलं कोणतं मागे ठेवू?’ असं विचारा. कित्येक बॉसना तुमच्याकडे किती कामं आहेत हे तेव्हाच कळतं.

मात्र हे कामाच्या जाचापुरतंच. तुम्ही महिला असाल आणि लैंगिक छळ होत असेल, तर थांबू नका: २०१३ च्या कायद्यानुसार १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते, आणि तिच्याकडे ३ महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची असते.