मधुमेहात पायाची जखम भरत नसेल तर कोलॅजनची पावडर द्यावी का?

वडिलांच्या तळपायाची जखम अडीच महिने भरत नाही, त्यांना साखर आहे आणि कुणीतरी कोलॅजनची, म्हणजे कातडीला मजबुती देणाऱ्या प्रथिनाची, पावडर सुचवलीय, असं तुम्ही लिहिलंय. मी नर्स आहे, बारा वर्षं अशाच पायांची ड्रेसिंग करतेय. पावडरीवर पैसे घालवू नका.

जखम झाली की आधी न्यूट्रोफिल आणि मागोमाग मॅक्रोफेज या पेशी तिथे जमतात. टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१ असे रासायनिक निरोप सोडून त्या जंतू आणि मेलेलं मांस साफ करतात. लाली, सूज, ठणका येतो तो या कामातूनच. ही सूज हवीच. स्टेरॉइड चालू असलेल्यांची जखम रेंगाळते, त्यामागे ही सूज दबणं हेही एक कारण असतं. पुढे काही दिवसांत मॅक्रोफेज पवित्रा बदलतात आणि टीजीएफ-बीटा सोडतात. तो निरोप मिळाला की फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजन विणायला घेतात, आधी तिसऱ्या प्रकारचं कच्चं, मग हळूहळू पहिल्या प्रकारचं पक्कं. एवढं होऊनही भरलेली जागा मूळ कातडीच्या फार तर ८० टक्के मजबूत होते.

मधुमेहात मॅक्रोफेज पहिल्याच पवित्र्यात अडकून राहतात. सूज ओसरत नाही आणि तिच्यामुळे एमएमपी नावाची कोलॅजन तोडणारी एन्झाइम वाढतात. दिवसभर विणलेलं रात्रीत उसवलं जावं तसं होतं. पावडर पोटात पचते, तिचे बारीक तुकडे रक्तात जातात. पण उसवणं चालूच असेल तर जास्तीचं सूत देऊन काय उपयोग?

सूज चालू ठेवणारं मोठं कारण बहुतेक वेळा चालणं असतं. मधुमेहाने नसा बधिर झाल्याने दुखत नाही, माणूस पाय टेकतो आणि जखम दर पावलाला पुन्हा चेचली जाते. बधिर पायाचं हे दुखणं सर्जन डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला कुष्ठरुग्णांमध्ये ओळखलं होतं. माझे एक पेशंट आजोबा ‘मी कुठे चालतो?’ म्हणायचे, पण बाथरूमला दहा फेऱ्या व्हायच्या. प्लास्टर घालून पायावरचा भार काढला, तेव्हा कुठे जखमेत लाल दाणेदार मांस दिसायला लागलं.

म्हणून डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: पायाचा रक्तपुरवठा तपासलाय का, मेलेलं मांस काढायचंय का आणि भार कसा काढायचा. साखर आटोक्यात हवीच. कडा काळ्या पडल्या, वास आला किंवा ताप भरला, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.