ओपनचा निकाल नशिबावर ठरतो का?

गोल्फच्या ओपन चॅम्पियनशिपचा निकाल खेळापेक्षा टी-टाइमच्या, म्हणजे फेरी सुरू करण्याच्या नेमून दिलेल्या वेळेच्या, नशिबावर ठरतो का, आणि आपल्याकडच्या खेळाडूंना तेथे कधी जमेल का, असे दोन प्रश्न आपण विचारले आहेत. पहिला प्रश्न रास्त आहे. पहिले दोन दिवस सुमारे १५६ खेळाडू एकाच टीवरून (पहिला फटका मारण्याच्या जागेवरून), पहिल्या होलपासून सुरुवात करतात. सकाळी साडेसहाच्या सुमारास पहिला गट निघतो आणि शेवटचा गट निघेपर्यंत दुपारचे चार वाजून जातात. स्कॉटलंड किंवा इंग्लंडच्या किनाऱ्यावर एवढ्या वेळात वारा दिशा बदलतो, पाऊस येऊन जातो. गुरुवारी सकाळी खेळणाऱ्याला शुक्रवारी दुपारची वेळ देऊन समतोल साधण्याचा प्रयत्न होतो, पण दोन्ही दिवशी वाईट हवा एकाच गटाच्या वाट्याला येऊ शकते.

तरीही सगळे खापर हवेवर फोडणे मला पटत नाही. २००२ च्या ओपनला मुइरफील्डच्या मैदानावर टायगर वुड्स त्या वर्षीच्या मास्टर्स आणि यूएस ओपन या मोठ्या (मेजर) स्पर्धा जिंकून आला होता आणि दोन फेऱ्यांनंतर आघाडीपासून दोनच फटके मागे होता. शनिवारी दुपारी थंडगार वाऱ्यासह पावसाने झोडपले आणि त्याला त्या फेरीत ८१ फटके लागले (गोल्फमध्ये जितके कमी तितके चांगले). त्याच दुपारी, त्याच पावसात अर्नी एल्स ७२ फटक्यांत फेरी पूर्ण करून आघाडीवर गेला आणि दुसऱ्या दिवशी बरोबरीनंतरच्या प्लेऑफमध्ये जिंकला.

माझ्या मते ओपन समजून घ्यायची तर आधी जमीन पाहावी. लिंक्सची, म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरच्या गोल्फ मैदानाची, जमीन वाळूची असते, पाणी पटकन निचरून जाते, गवत बारीक आणि आखूड असते, त्यामुळे कोरड्या उन्हाळ्यात चेंडू पडल्यावरही बरेच अंतर धावत जातो. फेअरवेला (टी आणि ग्रीन, म्हणजे होलभोवतीची हिरवळ, यांमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याला) छोटे चढउतार असतात आणि ते अशा धावत्या चेंडूला वळवून खोल बंकरकडे, म्हणजे वाळूच्या खड्ड्याकडे, नेतात. तेथे समोरची भिंत इतकी उभी असते, की पुष्कळदा चेंडू आडवा किंवा मागेच काढावा लागतो, म्हणजे एक फटका गेलाच. २००६ साली हॉयलेकचे मैदान उन्हाने पिवळे पडले होते. वुड्सने चारही फेऱ्यांत मिळून ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारणारी काठी, फक्त एकदा वापरला. बाकी बहुतेक ठिकाणी आयर्नने (कमी अंतराच्या, नेमक्या फटक्याच्या काठीने) मारून तो बंकरच्या अलीकडे थांबत राहिला, दुसरा फटका लांबून मारावा लागेल हे मान्य करून. तो १८ अंडर पारने, म्हणजे मैदानासाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा (पार) १८ कमी फटक्यांत, आणि दुसऱ्या क्रमांकापेक्षा दोन फटक्यांनी जिंकला. इतका शिस्तबद्ध खेळ मेजर स्पर्धांत मी दुसरा पाहिलेला नाही.

अर्थात हीच जमीन कधी अन्यायही करते. २००९ साली टर्नबेरीला ५९ वर्षांचा टॉम वॉटसन अखेरच्या होलवर एका फटक्याने पुढे होता. त्याचा आठ नंबर आयर्नचा फटका उत्तम बसला, पण चेंडू ग्रीनवर पडून थांबलाच नाही, ग्रीनच्या पलीकडे घरंगळत गेला; तेथून पार झाली नाही, एक फटका जास्त लागून बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये स्टुअर्ट सिंक जिंकला. मला विचाराल तर खरे दुर्दैव ते, टी-टाइमचे नव्हे.

आता दुसरा प्रश्न. अशी जमीन आपल्याकडे सरावाला मिळत नाही. जुलैमध्ये, म्हणजे ओपनच्याच दिवसांत, पुण्याकडे पावसाने फेअरवे इतके मऊ झालेले असतात, की चेंडू पडतो तेथेच रुततो. उंच मारून अलगद थांबवण्याची सवय लागते, जमिनीलगत सरपटत नेण्याची नाही. म्हणूनच २०२३ साली हॉयलेकलाच शुभंकर शर्माने मिळवलेले संयुक्त आठवे स्थान मला फार मोठे वाटते. ओपनमधली ती भारतीय खेळाडूची सर्वोत्तम कामगिरी ठरली. त्याआधी २००४ साली ट्रूनला ज्योती रंधावा संयुक्त सत्ताविसावा आला होता. शुभंकर बरीच वर्षे युरोपीय टूरवर, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, खेळलेला आहे, आणि नव्या मुलांना ओपनची स्वप्ने असतील तर त्यांनीही लवकरात लवकर तिकडच्या किनाऱ्यावर जाऊन खेळावे, असे मला मनापासून वाटते.