कांदा मुळा भाजी आणि अक्षरांचा हिशोब

प्रश्न : मुलीला शाळेत सावता माळींचा 'कांदा मुळा भाजी' अभंग आहे. छंद सांगायचाय, पण अक्षरं मोजली तर ८ येतच नाहीत, कुठे ६ कुठे १०. आमचं काय चुकतंय?

उत्तर : चुकत काहीच नाहीये, तुम्ही लिहिलेलं मोजताय. हा लहान अभंग, म्हणजे ओळीत दोन चरण, साधारण ८-८ अक्षरांचे, आणि शेवटी यमक. आता 'लसूण मिरची कोथिंबिरी' कागदावर १० भरतं, पण टाळी देत म्हणा, ल-सूण-मिर-ची-को-थिं-बि-री, झाले की नाही ८! पहिला चरण ६ चाच आहे, अभंगात तेवढी सूट चालते. यमकं बघा, कोथिंबिरी-हरी, दोरी-पंढरी, मळा-गळा. भाजी-माझी मात्र जरा ढिलं, पण कानाला खटकत नाही.

मला रचना जास्त आवडते, आधी भाजी, मग मसाला, मग मोट-नाडा-विहीर, आणि शेवटी अख्खा मळा. (गंमत म्हणजे सावतोबा गेले १२९५ ला, आणि मिरची आली पोर्तुगीजांबरोबर, म्हणजे तो शब्द नंतर कुणा गाणाऱ्याच्या तोंडून घुसला असणार.)