कडाक्याच्या थंडीच्या भागात दुकानांसमोरचं डांबरी पार्किंग २० वर्षं टिकायला डांबराचा थर किती जाड हवा?

कंत्राटदार ४ इंच म्हणतोय, तुमच्या ओळखीचे इंजिनिअर ५ इंच म्हणतायत, आणि कोणाचं ऐकू असं तुम्ही विचारलंय. त्या दोघांपैकी कोणी डांबराच्या खाली काय आहे ते खड्डा घेऊन पाहिलंय का? तुमच्या प्रश्नात तसा उल्लेख नाही, म्हणजे बहुधा नसेलच पाहिलं. मग आत्ता दोघांचंही ऐकू नका. थंडीच्या भागात पार्किंगची वाट पाणी लावतं, आणि तेही खालून. जाडीचा आकडा सगळ्यात शेवटी ठरवायचा असतो. हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. याच एका इंचावरून माझं एका माणसाशी जे बिनसलं ते आजतागायत जुळलेलं नाही.

मी तेव्हा साइट इंजिनिअर होतो. एका व्यापारी संकुलाचं आवार, पुढे दोनशे गाड्यांचं पार्किंग आणि मागे मालाचे ट्रक वळायला जागा. हिवाळ्यात पारा उणे २५पर्यंत उतरायचा. डिझाइन आमच्याच ऑफिसातल्या वरिष्ठांचं होतं. त्यांना मी सर म्हणायचो, आणि कामातलं निम्मं मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो.

काम सुरू व्हायच्या आधी मी चार ठिकाणी खड्डे घेतले. तिसऱ्यात दोन हात खोलीवर करडी, मऊ माती लागली. कोरडी चोळली की बोटांना पिठासारखी लागायची. ओला गोळा करून तळहातावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने बाजूने ठोकला. चार-पाच ठोक्यांत गोळ्याच्या अंगावर पाणी आलं, काच चमकावी तसं चमकायला लागलं. मग बोटांनी जरा दाबला, तर पाणी लगेच आत गेलं, गोळा कोरडा दिसायला लागला आणि दाब वाढवल्यावर फुटला. चिकणमाती असं करत नाही. ही गाळमाती, आणि थंडीच्या भागात डांबराखाली याहून वाईट दुसरं काही नाही. तिच्यातली छिद्रं खालचं पाणी वर ओढण्याइतकी बारीक असतात आणि ते पाणी भराभर वाहू देण्याइतकी मोठीही असतात. चिकणमाती ओढते जोरात, पण पाणी सोडते फार हळू. जाड वाळू ओढतच नाही.

बरेच जण, अगदी इंजिनिअरसुद्धा, समजतात की पाणी गोठताना ९ टक्के फुगतं म्हणून जमीन उचलते. तसं असतं तर जमिनीत होतं तेवढं पाणी फुगलं असतं आणि प्रकरण थोडक्यात आटोपलं असतं. स्टीफन टेबर नावाच्या अमेरिकन भूवैज्ञानिकाने १९३०च्या सुमारास मातीत पाण्याऐवजी बेंझीन भरून ती गोठवली. बेंझीन गोठताना आकसतं, तरीही माती उचललीच. गोठणारा थर खालून द्रव ओढून घेत राहतो आणि त्याचे आडवे पदर एकाखाली एक साचत जातात, म्हणून माती उचलते. त्यासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात: थंडी, ओढणारी माती आणि खालून मिळणारं पाणी. थंडीचं आपण काही करू शकत नाही. उरलेल्या दोन्हींचं करता येतं. पण डांबराचा थर ४ इंच असो की ८, त्या दोन्हींना त्याचा पत्ताही लागत नाही.

मी सरांना लिहून दिलं की ही माती आणखी दीड फूट काढू, खाली जिओटेक्स्टाइल, म्हणजे माती खडीत मिसळू न देणारं कापड, अंथरू, वर बारीक भुकटी नसलेली स्वच्छ खडी भरू आणि कडेने छिद्रांचा पाइप टाकून पाणी बाहेर काढू. सरांनी कागद वाचला आणि म्हणाले, "अरे, पाइप मालकाला दिसणार आहे का? डांबर दिसतं. एक इंच वाढवून टाक, सगळ्यांचं समाधान होईल." सुधारित नकाशा दोन दिवसांत आला. त्यात पाइप नव्हता, जादा खोदाई नव्हती, डांबर एक इंच जास्त होतं. मी पुन्हा बोललो. तेव्हा मला सांगण्यात आलं की डिझाइन करणं माझं काम नाही.

त्यात काम लांबलं. वरचा थर टाकायला घेतला तेव्हा शरद संपत आला होता, हवा ४ अंशांवर आणि सोसाट्याचा वारा. वरचा थर ४० मिलिमीटरचा. पेव्हरच्या, म्हणजे डांबर पसरणाऱ्या यंत्राच्या, मागे मी थर्मामीटर खुपसला तेव्हा माल १३८ अंश होता. दहा-बारा मिनिटांत तो ८०च्या खाली गेला. ८०च्या खाली रोलर कितीही फिरवा, दबाई होत नाही. खडी फुटते, एवढंच. मी रोलर पेव्हरला चिकटून चालवायला सांगितला, दुसरा रोलर मागितला. दुसरा मिळाला नाही. नंतर कोअर, म्हणजे थरातून कापलेले गोल नमुने, काढले तर आतली हवेची पोकळी ११ टक्के निघाली. ८च्या पुढे गेलं की पोकळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि पाणी सरळ आत उतरतं.

पहिल्याच हिवाळ्यात, ऐन थंडीत, प्रवेशद्वाराजवळचा भाग वर आला. सूत धरून मोजलं तर मधोमध ६ सेंटिमीटर. पाण्याचं चेंबर होतं तिथेच राहिलं आणि भोवतीचं डांबर उचललं, त्यामुळे सगळ्यात सखल असायला हवी ती जागा आणि तिच्याभोवतीचा चढ यांत भेग पडली. बर्फ सरकवणाऱ्या पात्याने त्या भेगेची कड पकडून ताटाएवढा तुकडा उपटून काढला. त्या जागी मी खोदायला लावलं. डांबर आणि बेस, म्हणजे त्याखालचा दाबलेल्या खडीचा थर, काढल्यावर गोठलेल्या मातीचं ढेकूळ बाहेर आलं. त्याच्या कापात बर्फाचे पदर होते, आडवे, पारदर्शक, काही कागदाइतके पातळ आणि एक चांगला बोटभर जाड. मी ते ढेकूळ तसंच ऑफिसात नेलं. सर म्हणाले, "यंदा थंडीच फार होती."

खरी पडझड बर्फ वितळताना झाली. वितळणं वरून सुरू होतं, खालचा थर गोठलेलाच असतो, म्हणून मधल्या पाण्याला कुठे जायला वाट नसते. बेस खडी नुसती चिखलावर तरंगते. त्या अवस्थेत कचऱ्याची गाडी मागच्या वाटेने गेली आणि आठवड्याभरात तिच्या चाकांच्या दोन्ही रेषांत जाळी उमटली, जिला साइटवर ॲलिगेटर क्रॅक म्हणतात. भेगांतून करडं पाणी वर यायचं आणि कडेला तीच पिठासारखी माती साचायची. अमेरिकेत इलिनॉयमधल्या ऑटवा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक चालवले गेले होते. त्या चाचणीतही बरीचशी मोडतोड वसंतातच झाली होती. माहीत असलेली गोष्ट आहे ही, सरांनाही माहीत होती.

मग बैठक झाली. मालक, कंत्राटदार, सर आणि मी. सरांनी सांगितलं की साइटवर दबाई नीट करून घेतली गेली नाही आणि डांबर आणखी जाड असतं तर निभावलं असतं. दबाईचा ठपका माझ्यावर आला. पोकळी ११ टक्के होती हे खरंच होतं, त्यामुळे मला बोलता येईना.

आता जे मी तेव्हा बोलायला हवं होतं ते लिहितो. त्याच आवारात पूर्वेच्या कोपऱ्यात जुन्या इमारतीचा पाया होता. तो काढून ती जागा पाच फूट खोल स्वच्छ खडीने भरलेली होती, आणि तिला नैसर्गिक उतारावर बाहेर पडायला वाटही होती. त्या कोपऱ्यावर तेच डांबर पडलं, त्याच दिवशी, त्याच पेव्हरने, त्याच एका रोलरखाली. तिथला कोअरही १० टक्क्यांच्या वर होता. सात वर्षांनी मी मुद्दाम जाऊन पाहिलं. त्या कोपऱ्यात वरचा बारीक माल उडालेला होता, खडी उघडी पडली होती. हे कमी दबाईचं फळ, ते मला मान्य. पण उचललेलं काही नाही, जाळी नाही, एक चाकोरी नाही. बाकीचं आवार तोवर दोनदा उकरून झालं होतं, आणि दुसऱ्या वेळी सरांच्या सांगण्यावरून आणखी एक इंच वाढवूनसुद्धा. एकाच डांबराखाली दोन वेगवेगळ्या जमिनी होत्या. जाडी कमी पडली म्हणणाऱ्यांनी तो कोपरा समजावून सांगावा.

तर तुमच्या कामाकडे. खड्डे घ्या, निदान चार, आणि एक नक्की ट्रक वळतात तिथे. मातीतल्या कणांच्या आकाराची तपासणी प्रयोगशाळेत करून घ्या. आर्थर कासाग्रांदे यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला दिलेला ठोकताळा अजून चालतो: मिश्र आकाराच्या मातीत ०.०२ मिलिमीटरपेक्षा बारीक कण ३ टक्क्यांच्या वर असतील तर ती उचलणारी धरा. ती निघेल तेवढी काढा. थंडी जिथवर उतरते तिथवर खोदणं बहुतेकांना झेपत नाही, आणि बहुतेक ठिकाणी तेवढी गरजही नसते. पण वरचा भाग स्वच्छ हवा आणि पाण्याला बाहेरची वाट हवी. पाइपचं तोंड हिवाळ्यात बर्फाखाली गाडलं जाणार नाही असं काढा. पृष्ठाला २ टक्के उतार द्या. एक टक्का कागदावर चालतो, पण प्रत्यक्षात जागोजाग डबकी राहतात आणि डबक्याचा बर्फ होतो.

डांबराचा ग्रेड कंत्राटदाराच्या प्लांटवर जो असेल तो घेऊ नका. ग्रेड पीजी ५८-३४ असा लिहिलेला असतो. त्यातला पहिला आकडा उन्हाळ्यातल्या उष्णतेचा, दुसरा थंडीतल्या उणे अंशांचा. दुसरा तुमच्याकडच्या नीचांकाला पुरायला हवा, नाहीतर आडव्या भेगा एका रात्रीत पडतात आणि त्याला जाडीचा काही उपाय नाही. पहिला आकडाही बघा, कारण पार्किंगमध्ये गाड्या उभ्या असतात आणि उभं वजन उन्हाळ्यात डांबराला खड्डा पाडतं. पॉलिमर घातलेलं डांबर दोन्ही बाजूंनी उपयोगी पडतं. दबाईची घनता करारात लिहा, कमाल सैद्धांतिक घनतेच्या (म्हणजे आत पोकळी अजिबात नसती तर जी असती तिच्या) निदान ९२ टक्के, आणि ती कोअर काढून तपासायची असंही लिहा. अमुक तारखेनंतर वरचा थर टाकायचा नाही, हे वाक्य करारात नसेल तर सही करू नका. काम लांबलं तर खालच्या थरावर हिवाळा काढा आणि वरचा थर उन्हाळ्यात टाका. त्यात थोडी गैरसोय आहे, पण माझ्यावर आलेली वेळ तरी येणार नाही.

सगळं आवार एकाच जाडीचं करू नका. नुकसान वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं, हे ऑटवाच्या त्याच चाचणीतून पुढे आलं. ८.२ टनांचा ट्रकचा एक अॅक्सल म्हणजे एक टनाच्या अॅक्सलच्या साडेचार हजार फेऱ्या. गाड्यांच्या भागातला एक इंच वाचवून ट्रकच्या वाटेला द्या. कचऱ्याची गाडी जिथे थांबून डबा उचलते तिथे डांबर घालूच नका, सरळ काँक्रीटचा पट्टा करा. बर्फाचा ढीग आवाराच्या खालच्या अंगाला टाका. वरच्या अंगाला टाकला तर दिवसा वितळलेलं पाणी सगळ्या पार्किंगवरून वाहतं आणि रात्री परत गोठतं.

देखभालीबद्दल एकच: दर शरदात भेगा गरम रबरी सीलने भरा. काळा सीलकोट दिसायला छान असतो, पण तो भेगा भरत नाही. पैसे एकाच गोष्टीला असतील तर भेगांना द्या.

आता एवढं सगळं मी गाळमाती धरून लिहिलंय, कारण मला ती लागली होती. तुमच्याकडची जमीन मी पाहिलेली नाही. चिकणमाती निघाली तर उचलणं कमी असेल, पण वितळतानाचा चिखल तसाच असेल, म्हणून खडी आणि पाइप तिथेही लागतील. आणि खड्ड्यात खोलवर स्वच्छ वाळू-खडीच निघाली, पाणी बरंच खाली असलं, तर माझं निम्मं उत्तर तुम्हाला लागू नाही. तसं असेल तर चांगल्या दाबलेल्या बेसवर कंत्राटदाराचे ४ इंच, दोन थरांत, गाड्यांच्या भागाला पुरतात. ट्रकच्या वाटेला तुमच्या इंजिनिअरचं ऐका, किंबहुना ५चे ६ करून घ्या.