‘रेलगाडी’ लिहिणारे ‘बावर्ची’तले आजोबा

प्रश्न : ‘बावर्ची’ चित्रपटातील आजोबांचे काम करणाऱ्या नटानेच ‘आशीर्वाद’मधील ‘रेलगाडी’ हे गाणे लिहिले, असे आमच्या घरी सांगतात. मला ते गुलजार यांचे वाटत होते. खरे काय, आणि हे गृहस्थ मुळात नट होते की कवी?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या घरच्यांचे म्हणणे बरोबर आहे. ‘आशीर्वाद’ (1968) मधील बरीचशी गीते गुलजार यांची असल्यामुळे असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु ‘रेलगाडी’ हरिंद्रनाथ चट्टोपाध्याय यांचेच, आणि त्याच चित्रपटात त्यांनी बैजू या ढोलकियाची भूमिकाही केली आहे. वसंत देसाई यांच्या संगीतात ते अशोककुमार यांनी जवळजवळ बोलल्यासारखे म्हटले. त्यात स्थानकांची नावे यमकाने जोडून येतात. तळेगाव-मालेगाव, सोलापूर-कोल्हापूर, कोरेगाव-गोरेगाव या जोड्या आपल्या ओळखीच्या असल्या, तरी नकाशाशी या क्रमाचा काही संबंध नाही. गाडीचा ठेका जुळला की कवीचे काम झाले. शेजारीच खांडवाही आहे, म्हणजे अशोककुमार ज्या गावात वाढले ते गाव.

हरिंद्रनाथ मुळात कवीच. सरोजिनी नायडू यांचे हे धाकटे बंधू 1898 साली हैदराबादेत जन्मले, 1918 मध्ये त्यांचा पहिला इंग्रजी काव्यसंग्रह निघाला आणि 1952 च्या पहिल्या लोकसभेत ते विजयवाड्यातून अपक्ष म्हणून निवडून गेले. आज त्यांना जो प्रेक्षक ओळखतो, तो मात्र त्यांच्या साठीनंतरच्या चरित्र-भूमिकांमुळे. ‘साहिब बीबी और गुलाम’ (1962) मधील घड्याळवाले घडीबाबू, ज्यांना हवेलीचा ऱ्हास सर्वांआधी दिसतो, ही माझ्या मते त्यांची सर्वांत धारदार भूमिका. सत्यजित राय यांनी त्यांना ‘गुपी गाइन बाघा बाइन’ (1969) मध्ये जादूगार बर्फी केले, तर ‘सोनार केल्ला’ (1974) मध्ये गुप्तहेर फेलूदाला हवी ती माहिती पुरविणारे सिधूज्याठा. यांपैकी एकही भूमिका लांबीने मोठी नाही. तरीही त्या लक्षात राहतात, याचे कारण मला त्यांच्या उच्चारात दिसते : शब्द कोठे ताणायचा, कोठे तोडायचा आणि कोठे नुसता हुंकार पुरेल, हे पद्य लिहिणाऱ्याच्या कानाला ठाऊक असते. ‘बावर्ची’ (1972) मधील आजोबा दागिन्यांची पेटी सांभाळत साऱ्या घराला धारेवर धरतात, तेव्हा त्यांची कुरकुरही लयीत असते. त्या वेळी ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते.

प्रश्न : त्यांचे आणखी एखादे गाजलेले चित्रपटगीत सांगाल का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : ‘ज्यूली’ (1975) मधील प्रीती सागर यांनी गायलेले इंग्रजी गीत ‘माय हार्ट इज बीटिंग’ त्यांचेच, संगीत राजेश रोशन यांचे. हिंदी चित्रपटातील इंग्रजी गाणे बहुधा गमतीपुरते असते, हे मात्र स्वतंत्र गाणे म्हणून लोकप्रिय झाले. ‘बावर्ची’तील ‘भोर आयी गया अंधियारा’ त्यांनी लिहिलेले नाही, ते कैफी आझमींचे. पण मन्ना डे आणि किशोरकुमार यांच्या बरोबरीने त्यात ऐकू येणारा म्हातारा आवाज खुद्द हरिंद्रनाथांचा आहे.